पायजमा शिवून मिळेल, मापाला नाडी आणावी

परकी म्हणं. पायजमा परकी. आरं, तू शाळंत जायला रडायचास तवा तुज्या ढुंगणावर मीच शिवलेला पायजमा हुता. तो काय इराणातनं आलता व्हय?

तुला न्हाय दत्ता, तू कशाला दचकतोस. तू पेंटर माणूस, तुजा काय गुन्हा. मी आमच्या सुशांतला बोलतोय. तो हितं न्हाय, सकाळच्या गाडीनं सोलापूरला माल आणायला गेलाय, म्हणून तर बोलतोय. समोर असला की मी तापतो, अन् मी तापलो की तो मोबाईल काडून पुरावं दाखवतो. माणसाशी भांडता येतं, पुराव्याशी कसं भांडायचं?

तो डबा खाली ठीव. ब्रश बी ठीव. त्यानं तुला कागदावर लिवून दिलंय, म्हाईत हाय मला. 'सुशांत मेन्स वेअर. नाईट वेअर, कॅज्युअल वेअर.' उद्या दुकानाची पूजा हाय, त्याच्या आत बोर्ड रंगवून पायजे. मांडीवर घेतलायस तोच बोर्ड ना? माज्या बापानं रंगवून घेतलेला. निळा पत्रा, पांढरी अक्षरं. 'पायजमा शिवून मिळेल. मापाला नाडी आणावी.' ह्या मोडनिंबात पत्ता सांगायचा तर लोक म्हणत्यात, नाडीच्या बोर्डापास्नं डाव्या हाताला.

सुशांतची अट काय, तर 'पायजमा' हा शब्द बोर्डावर ऱ्हायला तर मी दुकानात बसणार न्हाय, पुण्याला कंपनीत जातो. अन् माजं कसं हाय तुला म्हाईत हाय. पायडल मारलं की मशीनपेक्षा गुडघा जास्त वाजतो. दोन पोरी, दोगी बी नांदायला गेल्या. माजा धाकटा भाऊ वसंता, त्याचं हे एकच पोरगं. वसंता जाऊन चार वर्सं झाली. सुशांत बसला तर दुकान, न्हाय तर कुलूप.

म्हणून परवापतूर आठ दिवस मी गप हुतो. मी गप! माज्या बायकोनं, शालननं, तर माज्या कपाळाला हात लावून बघितला, ताप हाय का म्हणून.

पण ब्रश बुडवायच्या आदी माजं ऐकून घे. शिंप्याच्या दुकानात चिंध्या अन् किस्सं दोन्ही रोज झाडलं तरी रोज तेवढंच साचतं. चिंध्यांची उशी तरी करता येती. किस्स्यांचं काय करायचं, कुणाला तरी सांगावंच लागतंय.

* * *

ह्या भांडणाची सुरवात झाली ती गुरुजींमुळं. आपलं रिटायर झालेलं गुरुजी, रोज चार वाजता बाकड्यावर येऊन बसत्यात, पेपर माजा वाचत्यात अन् चहा बी माजाच पित्यात.

सुशांत म्हणला, "गुरुजी, पायजमा हा मराठी शब्दच न्हाय. बाहेरचा हाय. दुकानाला आपला शब्द पायजे."

गुरुजी खूश. त्यांना कुणी ईस वर्सांत काय इचारलं नव्हतं. पेपरची घडी घातली, चष्मा पुसला अन् म्हणलं, "बरोबर हाय. फारशी शब्द हाय. पाय अन् जामा. जामा म्हंजी कपडा. आपण जामानिमा म्हणतो बघा, त्यातला जामा."

मी कात्री खाली ठिवली. "अन् पाय?"

"पाय म्हंजी पाय."

"फारशीत काय म्हणत्यात पायाला?"

"पायच म्हणत्यात."

"मग निम्मा तर आपलाच झाला की. भांडण एका जाम्याचं ऱ्हायलं."

सुशांत म्हणला, "आण्णा, तसं नसतं." मी म्हणलं, "कसं नसतं? पाय तुजा, लाज तुजी, मातर कापड घातलं की ते परकी?"

मग गुरुजींनी आणिक एक काडलं. इंग्रज हितं आलं ना, ते दिवसभर पॅन्ट घालायचं. उकाड्यानं जीव जायचा. आपल्या लोकांचा पायजमा बघितला अन् झोपताना घालाय लागलं. जाताना कपडा बी घिऊन गेलं अन् शब्द बी. आज तिकडं बी पायजमाच म्हणत्यात, मातर निस्ता झोपायला.

मी सुशांतकडं बघितलं. "म्हंजी ज्यांनी आपल्याकडनं उचलला त्यांनी शब्द सांबाळला, अन् तू काडून काय लिवतोस, तर नाईट वेअर. आरं, आपला माणूस त्यात नांगर धरतोय, बाजार करतोय, पोरीचं लगीन लावतोय. अन् झोपताना तो काडून टॉवेल गुंडाळतोय. उलटं हाय आपलं."

* * *

दुसऱ्या दिशी सुशांत म्हणला, आपण परकी शब्द वापरायचंच न्हाईत. झालं. मी त्याला बाकड्यापुढं हुबा केला. म्हणलं, "गुरुजी, ह्याच्या अंगावर काय काय परकी हाय तेवढं मोजा."

गुरुजींनी वरनं सुरवात केली. "शर्ट इंग्रजी."

मी म्हणलं, "धरला. फुडं."

"त्याचा खिसा फारशी."

"खिशात रुमाल हाय," मी म्हणलं.

"रुमाल बी फारशी. रू म्हंजी तोंड, माल म्हंजी पुसणं. पॅन्ट इंग्रजी. पट्ट्याला तो बेल्ट म्हणतो, तो बी इंग्रजी. आत बनियन हाय का?"

सुशांत चिडून म्हणला, "हाय की."

"ती लई भानगड हाय. आपल्या वाण्यांवरनं इंग्रजांनी ते नाव पाडलं अन् आपण त्यांच्याकडनं परत घेतलं."

बाकड्यावरची माणसं पोट धरून हसाय लागली. सुशांतचं कान लाल. म्हणला, "आण्णा, तुमी जुन्या काळी पैरण घालायचा, तसलं काय तरी म्हणायचं."

गुरुजी म्हणलं, "पैरण बी फारशी."

तेवढ्यात शालन चहा घिऊन आली. दारातच थांबली. म्हणली, "गुरुजी, तितंच थांबा. पोराचं समदं उतरवलंत तुमी, अन् मी बाईमाणूस हाय हितं."

* * *

आता तू म्हणशील, बोर्डावर नाडीचं काय काम.

माज्या बापाला टेपवरचं आकडं वाचता येत नव्हतं. म्हणून त्यानं काय केलं, तर गिऱ्हाइकाला म्हणायचा, तुजी जुनी नाडी आण. ती कंबरंला धरून खाली सोडायची. शीट, म्हंजी ढुंगण, जितं येईल तितं एक गाठ, गुडघ्याला एक, घोट्याला एक. तीन गाठी मारल्या की झालं माप. मग ती नाडी भितीला खिळ्यावर. हरेक माणसाचा एक खिळा. पुन्ना कवा बी माणूस यायचा अन् रस्त्यावरनंच वरडायचा, "आण्णा, दोन घाला!" की मी खिळ्यावरची नाडी काडून कापड कापायला मोकळा. मला टेप कळतो, न्हाय असं न्हाय. पण नाडी खोटं बोलत न्हाय. टेपला माणूस श्वास आत वडून हुबा ऱ्हातो.

कुणी गेलं की त्याच्या घरचं माणूस येऊन नाडी घिऊन जातंय. तशी रीतच पडलीय. तिसऱ्या दिशी न्हाय तर पाचव्या दिशी कोण तरी दारात येऊन हुबं ऱ्हातं. मी उठतो. नाडी हातावर ठिवतो.

वसंताची नाडी, पिवळी पडलेली, माज्या नाडीच्या शेजारच्या खिळ्याला हुती. ती न्यायला कोण येणार? घर तर आमचंच.

* * *

ह्या नाडीच्या मापात माजी चूक एकदाच झाली, अन् ती बी शालनमुळं. ती म्हणती माज्यामुळं.

तिची शेळी सुटली हुती. दावं सापडंना, म्हणून हिनं हाताला यील ती नाडी वडली अन् शेळी बांधली दुकानाच्या खांबाला. नाडी कुणाची? सरपंचाची. शेळीनं निवांत बसून नाडीचं खालचं टोक खाल्लं. तिसरी गाठ गेली पोटात. उरलेली नाडी हिनं गुपचूप खिळ्याला परत लावली.

दुपारी सरपंचाचा निरोप आला, ग्रामसभा हाय, एक पायजमा पायजे. तवा मी शालनशी भांडत हुतो. कशावरनं ते आता आठवत न्हाय, पण माजं बरोबर हुतं. तोंड भांडणात, हात कापडावर. शेवटची गाठ म्हंजी घोटा, एवढंच हाताला म्हाईत. बरोबर गुडघ्यावर कापला.

सरपंचानं आतल्या पडद्यामागं घातला अन् बाहेर आला. दोन पिंढऱ्या उघड्या. पिंढऱ्यांना आयुष्यात ऊन लागलं नव्हतं, मुळ्यागत पांढऱ्या.

म्हणला, "आण्णा, हे काय?"

आता चूक कबूल करणं माज्या सोबावात न्हाय. मी म्हणलं, "नवी पद्धत हाय. चिखल लागत न्हाय."

गडी गेला की तसाच ग्रामसभेला. तितं कुणाची इचारायची हिंमत झाली न्हाय. एकानं मातर गटाराचा प्रश्न मांडला, तर दुसरा म्हणला, "सरपंचानी तयारी केलीय, आता गटारात उतरायचंच बाकी हाय."

मी चार दिवस घराबाहेर पडलो न्हाय. पाचव्या दिशी दुकान उघडलं तर पायरीवर तीन तरणी पोरं बसलेली. म्हणली, "आण्णा, सरपंचासारखा शिवायचं काय घ्याल?"

* * *

सीताराम तात्या तुला म्हाईत हाय. मेंढरंवालं. सत्तर वर्सं धोतरात गेली. गुडघ्याचं आपरेशन ठरलं सोलापूरला, तर तिथल्या नर्सबाईनं सांगितलं, धोतर चालणार न्हाय, पायजमा आणा.

तात्या दुकानात आलं ते कुणी मेल्यागत तोंड करून. मी नाडी सोडून माप घेत हुतो, तर म्हणलं, "आण्णा, दोन पायांला दोन घरं कशाला रं? सत्तर वर्सं एकात सुकानं नांदलं."

शिवला. म्हणलं, तात्या, आत जाऊन घालून बघा. आत गेलं. बराच वेळ झाला. आतनं धपधप आवाज यायला लागला. मग पडदा बाजूला झाला अन् तात्या आलं बाहेर, टुणटुण उड्या मारत. दोन्ही पाय एकाच पायात घातलं हुतं, अन् दुसरा रिकामा मागं शेपटागत लोंबत हुता.

मी म्हणलं, "तात्या, दुसऱ्यात का न्हाय घातला?"

"मला वाटलं, ह्यो धुवायला टाकल्यावर तो घालायचा."

आपरेशन झक्कास झालं. पर तात्या आता पायजमा सोडत न्हाईत. मेंढरं राखायला बी तोच. मी इचारलं, धोतर का टाकलं? तर म्हणलं, "पळताना लई बरं पडतं. उगं सत्तर वर्सं वाया घालवली."

सुशांतनं परवा दारात नमुन्याला एक नाईट वेअर टांगलं. अंगभर अस्वलाची चित्रं, अन् कंबरंला इलॅस्टिक. तात्यांनी ते हातात धरलं, ताणलं, सोडलं, पुन्ना ताणलं.

"नाडी कुटाय?"

सुशांत म्हणला, "ह्याला नाडी लागत न्हाय तात्या. आपोआप धरतंय."

तात्यांनी ते परत खिळ्याला टांगलं. म्हणलं, "नाडी माजं ऐकती. ह्यो आपल्या मनानं धरतोय, मग आपल्या मनानंच सोडल."

* * *

पण नाडी बी कवा कवा सोडती, खोटं का बोला.

टेंभुर्णीच्या ट्रकवाल्या हणमाचं लगीन. त्याच्या घरात रीत अशी की नवऱ्याच्या पायजम्यात आज्याची नाडी घालायची. आजा जिता हुता, त्यानं सोता नाडी आणून दिली. ती नाडी आज्याच्या लग्नातली. मी म्हणलं, "आजोबा, ही कुजलीय." म्हातारा म्हणला, "मी कुजलो का? घाल."

घातली. वरनं गुडघ्याच्या खाली जाणारी शेरवानी, त्यामुळं मी बी म्हणलं, जाऊ दे.

मंगलाष्टका सुरू झाल्या. मी पहिल्या रांगंत. अंतरपाट धरलेला, अलीकडं हणमा, पलीकडं नवरी. दुसऱ्या मंगलाष्टकेला हणमानं माज्याकडं बघितलं. असलं तोंड मी फक्त खाटकाकडच्या बोकडाचं बघितलंय. दोन्ही हातात हार, अन् शेरवानीखाली पायजमा दोन्ही पावलांवर गोळा होऊन बसलेला.

शिंप्याच्या कॉलरला सुई-दोरा असतो, तो कामाला आला. मी खाली बसलो अन् माणसांच्या पायांतनं रांगत गेलो शेरवानीच्या आत. आत अंधार. पायजमा वर घेतला अन् कंबरंला टाचाय लागलो. हणमाला दोनदा सुई टोचली, दोनदा तो वरडला. लोकांना वाटलं, गडी लई भावनेत आलाय.

मी आतनंच भटजींच्या पायाला चिमटा काडला अन् म्हणलं, "आणिक दोन म्हणा."

भटजींनी म्हणल्या. मी म्हणलं, "आणिक दोन." त्यांनी म्हणल्या. साऱ्या मांडवाच्या हातातल्या अक्षता घामानं भिजल्या. शेवटी भटजींच्या पाठ असलेल्या संपल्या. त्यांनी अंतरपाट काडला.

माजा शेवटचा टाका बाकी हुता. अंतरपाट गेला अन् नवरीनं पहिल्यांदा नवऱ्याकडं बघितलं, तर शेरवानीच्या खालनं माजं मुंडकं बाहेर येत हुतं, दातात दोरा धरलेला.

पोरगी खमकी. हार तसाच धरून हळूच म्हणली, "अहो, ह्यांना बी घिऊन जायचंय का घरी?"

आता दोन लेकरं हायेत त्यांना. हणमा ट्रक घिऊन हितनं गेला की हॉर्न वाजवतो. एकदा न्हाय, टाके मोजल्यागत पाच-सहा बार.

* * *

तर असं हाय दत्ता. आता ह्या समद्यातनं पायजमा काडायचा अन् काय लिवायचं? हणमाचं नाईट वेअर खाली आलं? तात्यांनी कॅज्युअल वेअरच्या एकाच पायात दोन पाय घातलं?

परवा मी हे सुशांतला सांगत हुतो. त्यानं ऐकलं न्हाय. शिडी लावली अन् भितीवरचं खिळं उपटाय लागला. रंग द्यायचाय म्हणला. साठ-सत्तर नाड्या काडल्या, शिमिटाच्या रिकाम्या पोत्यात कोंबल्या अन् पोतं कोपऱ्यात फेकलं.

मी लई बोललो. जे बोलू ने ते बी बोललो. म्हणलं, "तुज्या बापाची नाडी बी त्यात हाय, ती बी चुलीत घाल." शालननं माज्या तोंडावर हात ठिवला.  सुशांतनं मोबाईल बी काडला न्हाय. शिडी उतरला अन् निघून गेला.

आता हे ऐक. हे मी अजून कुणाला सांगितलं न्हाय.

काल दुपारी मी समोरच्या हाटेलात चहा पीत बसलतो. दुकानाचं शटर निम्मं खाली. आत कोण तरी हाय. शटरखालनं नुसतं पाय दिसत हुतं, गुडघ्यापास्नं खाली. निळी जीन, पांढरं बूट. म्हणलं, सुशांत हाय.

मग त्याच्या पायाशेजारी वरनं एक नाडी खाली आली. तिची खालची गाठ पार जिमिनीला टेकली. ती वर गेली. दुसरी आली, ती नडगीवर थांबली. ती बी वर गेली. एक आली ती गुडघ्यावरच संपली, टोक कुरतडलेलं. मला चहा पिता पिता ठसका लागला, ती सरपंचाची.

हाटेलवाला म्हणला, "आण्णा, काय झालं?" मी म्हणलं, "गप बस."

मी मोजाय लागलतो. ईस झाल्या, पंचईस झाल्या. हरेक नाडी खाली यायची अन् थोडी लांब न्हाय तर थोडी आखूड पडायची. पोरगं बूट काडून हुबं ऱ्हायलं. मोजं बी काडलं.

मग एक आली. पिवळी पडलेली. तिची मधली गाठ गुडघ्यावर आली अन् खालची बरोबर घोट्याच्या हाडावर. ती वर गेली न्हाय. माजा चहा पार गार झाला. रस्त्यावरनं दोन यस्ट्या गेल्या, एक उसाचा टॅक्टर गेला. नाडी तितंच.

आज सकाळी दुकानात आलो तर शालन मशीनवर बसलेली, पांढऱ्या लठ्ठ्याचा पायजमा शिवत. मी इचारलं, "कुणाचा?" म्हणली, "तुमी तुमचं काम करा." मी म्हणलं, "माप कुणी दिलं?" म्हणली, "वरडू नका, टाका चुकतो."

तेवढ्यात सुशांत आला, सोलापूरच्या गाडीचा टाइम झालता. त्यानं शिवणाकडं बघितलं न्हाय. मला म्हणला, "दत्ता येईल, त्याला कागदाप्रमाणं लिवू द्या." मी म्हणलं, "बरं." एवढंच म्हणलं, खरंच. तो वळला, तर जीनच्या मागच्या खिशातनं ईतभर नाडी बाहेर लोंबत हुती, पिवळी, टोकाला गाठ.

मी म्हणलं, "खिसा सांबाळ."

त्यानं हात मागं नेला, नाडी आत सारली अन् गाडी धरायला पळाला.

तो तुला दिलेला कागद हितं आण. चुलीत घालतो. आता ब्रश घे अन् पांढरा रंग हलव. जुनी अक्षरं हायेत त्यांच्यावरनंच घिरव. पहिल्यांदा पायजमा, अन् मोठं लिव, हायवेवरनं दिसलं पायजे.